कुबानिच आगायांचा भरगच्च कंटेनर

"जुना खेळ नव्या लिनक्सवर कसा नांदवायचा, ते मला विचारा," कुबानिच आगाय शिक्षकांच्या खोलीत चहा ओतता ओतता म्हणाले. नारीनच्या त्या शाळेत आगाय म्हणजे गुरुजी, आणि संगणकाचे गुरुजी हे एकटेच. त्यामुळे विचारायला दुसरं कोणी नव्हतंच.

मुख्याध्यापिका गुलबार्चिन एजे, म्हणजे गुलबार्चिन बाई, मात्र अडून बसल्या होत्या. शेजारच्या गावाशी तोगुझ कोरगोलचा, म्हणजे खड्ड्यांत गोट्या टाकायच्या खेळाचा, सामना होता, तोही संगणकावर. खेळ शेवटपर्यंत गोंधळाविना चालला तर खोली आगायांची. नाही चालला, तर संगणक कोठारात आणि खोलीत लोकरीचे गालिचे शिकवायचा वर्ग. लोकर येऊनही पडली होती.

खेळ आगायांनीच तरुणपणी लिहिलेला. नव्या संगणकांवर तो उघडेचना. त्याला त्याच्या काळातल्या लायब्ररी, म्हणजे चालायला लागणाऱ्या तयार फाइली, हव्या होत्या. आगायांनी मुलांना समजावलं, की हा पाहुणा फक्त आपल्या घरचंच जेवण जेवतो. मग त्याला एका बंद खोलीत बसवायचं आणि त्याचा डबा आत द्यायचा. खोली म्हणजे कंटेनर, डबा म्हणजे लायब्ररी. बाहेरच्या घराला धक्का नाही, आतला पाहुणा खूश.

दोन-चार लायब्ररी पुरल्या असत्या. पण पाहुण्याला पिशवीच्या तळाशी चार बोर्सोक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, घालून पाठवलं, तर नारीनमध्ये सात घरांत चर्चा होते. केशिक, म्हणजे पाहुण्यासोबत द्यायचा खाऊ, द्यायचं तर पिशवीचे बंद तुटेपर्यंत! आगायांचा हात आखडेना. त्यांनी जुन्या संगणकात होतं नव्हतं ते सगळं कंटेनरमध्ये कोंबलं, आणि तसा एकेक कंटेनर खोलीतल्या आठही संगणकांना वाढला.

सामना सुरू झाला. पडद्यावर गोट्या टपाटप पडू लागल्या. पाहुणी मुलं खाली मान घालून खेळू लागली. एजेंनी लोकरीच्या गाठोड्याकडे पाहून सुस्कारा टाकला.

तेवढ्यात पहिल्या संगणकातून खाकरण्याचा आवाज आला. जुने मुख्याध्यापक! ते निवृत्त होऊन केव्हाच इसिक-कुलच्या काठी मासे धरत बसले होते, पण त्या काळी शाळेच्या सूचना जुन्या संगणकावरूनच दिल्या जात, आणि तो बंद पडला त्या दिवशीची त्यांची सूचना आत तशीच राहिली होती.

"नववीतली गुलबार्चिन! भिंतीवरून उडी मारून जर्दाळू चोरल्याबद्दल ताबडतोब कार्यालयात ये!"

एजे उठल्या. ओढणी सावरली आणि खाली मान घालून तडक कार्यालयात गेल्या. तिथे टेबलासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. टेबलामागची खुर्ची आपलीच आहे, हे ध्यानात यायला वेळ लागला.

परत आल्या तेव्हा गाल जर्दाळूसारखे झाले होते. त्यांनी आगायांना दाराआड ओढलं.

"आगाय, खोली तुमची. लोकर मी माझ्या घरी नेते. फक्त हे कोणाच्या कानावर जाता कामा नये."

"भाकरीची शपथ, एजे. माझ्याकडून शब्द बाहेर जाणार नाही."

आणि दुसरा संगणक खाकरला.

आगायांनी संगणक एकामागून एक चालू केले होते, तेव्हा सूचनाही एकामागून एक येणारच. ते धावले आणि आवाजाची कळ पिळू लागले. पण आवाज कमी-जास्त करायची जुनी सोयही त्यांनी मोठ्या मायेने आत भरली होती, आणि ती बाहेरच्या कोणाचं ऐकेना. तार उपटावी, तर सामना मोडतो. चौथ्या संगणकापर्यंत पाहुण्या मुलांना सूचना पाठ झाली. सहाव्याला ती सगळ्यांनी मिळून म्हटली. आठव्याला अंगणातून शिपायानेही सूर लावला.

एजे गाठोड्यावर बसून होत्या.

"आगाय," त्या शांतपणे म्हणाल्या, "आता लपवायचं काय राहिलं? मग खोली तरी कशाबद्दल द्यायची?"

सोमवारपासून त्या खोलीत लोकर पिंजायला सुरुवात झाली. आगायही हाताशी लागतात. लोकरीला कुठली जुनी लायब्ररी लागत नाही ना, हे मात्र त्यांनी आधी नीट विचारून घेतलं.