मुंजाने राखिलेल्या बागेची हकीकत

श्रीवनदेवता प्रसन्न. झाडास पाणी घालणाराचे कल्याण असो, न घालणाराचेही असो, कारण सावलीस दोघे सारखेच. शके एकोणीसशे बत्तीस, विकृतीनाम संवत्सरे, ज्येष्ठमासी एके नगरीत, जिचे नांव लिहिण्याची आज्ञा नाही, वर्तमान जाहले ते ऐसे: वसाहतीच्या पाठीमागे कचऱ्याचा डोंगर होता, आणि त्यावर डुकरांचा अंमल होता, आणि दरबारी अर्ज करकरून वसाहतीच्या लेखण्या झिजल्या. मग टेलिफोन खात्यातून निवृत्त जाहलेले राजश्री दिगंबरपंत मोघे यांनी मनसुबा केला की अर्ज पुरे, आता फावडी घ्यावी. मग कुल वसाहत लोटली, आणि सहा महिने कचरा उपसला, आणि करंज, कडुनिंब, बहावा, जांभूळ ऐसी चाळीस झाडे लाविली, आणि कळशा वाहून तीन उन्हाळे काढिले. पिंपळ मात्र आपला आपण उगवला. दहा वर्षांत तेथे गर्द बाग जाहली, आणि संध्याकाळी पोरे करंजास लोंबकळत, आणि म्हातारे राजकारणावरून हमरीतुमरीवर येत, आणि दुसऱ्या मजल्यावरील मालतीबाई घाडगे मेथीची जुडी घेऊन पंतांचे शेजारी बसत व निम्मी मेथी त्यांजकडून निवडून घेत. मालतीबाईंचे यजमान निवर्तलेले, आणि पंतही एकटा जीव, लेक बंगळुरास. ते दिवसभर या एका घटकेची वाट पाहात, परंतु हे त्यांनी कोणास कळू दिले नाही.

अशांत दरबारी नकाशा निघाला, की बागेतून रस्ता न्यावा. मग रस्त्यांचे कारखानीस सोनटक्के करवतवाल्यांसह भर दुपारी चाल करून आले. वसाहत आपापल्या चाकरीवर गेलेली, पंत एकटे. अर्ज दाखविला, चालेना. हात जोडिले, चालेना. तेव्हा पंतांनी पाहिले की कारखानिसांच्या मनगटी चार रंगांचे चार गंडे आहेत. मग पंत हळूच बोलिले, "साहेब, तोडा खुशाल. फक्त पिंपळावर मुंजा आहे, तेवढं सांभाळा. मुंज झाली अन् गेला बिचारा, आठ वर्षांचं पोर. पण फार हट्टी."

करवतवाल्याने करवत खाली ठेविली. म्हणाला, "साहेब, आपल्याच्यानं नाही व्हायचं. घरी लेकरं हायेत."

"मलाही आहेत," कारखानीस म्हणाले आणि त्यांनी नकाशा गुंडाळिला. परंतु फाडिला नाही, हे वाचणाराने ध्यानी धरावे. दर महिन्यास त्यांचा फोन येई, "मोघेसाहेब, गेला का हो तो?" आणि पंत म्हणत, "कुठला जातोय. कालच एकाला खडा मारला."

परंतु थापेस आपला कोण आणि परका कोण हे कळत नाही. करावयास गेले गणपती आणि जाहला मारुती. आठ दिवसांत वसाहतीत एकास मुंजा लंगोटी नेसून दिसला, दुसऱ्यास हसू ऐकू आले, आणि तिसऱ्याच्या नातवास ताप भरला तो थेट पिंपळाच्या खाती जमा जाहला. मग पोरांस मनाई जाहली, आणि म्हातारे देवळाच्या ओट्यावर गेले, आणि बायका घरोघरी भाजी निवडू लागल्या. पंत तेवढे नळी घेऊन झाडांस पाणी घालीत, तर लोक म्हणत, पंतांवर त्याची मर्जी आहे. पंतांस फार सुने वाटे. करंजाची फांदी पोरांवाचून वाढून भुईस टेकली होती, ती पाहून त्यांस भडभडून येई.

मग वसाहतीने सभा भरवून ठराव मांडिला की मुंजाची शांत करावी, त्यास मुक्ती द्यावी आणि बाग मोकळी करावी. पंतांस दुसरे काय हवे होते? परंतु मुंजा मुक्त जाहला की नकाशाही मुक्त, आणि मग चाळीस झाडे जातील, आणि तो पिंपळही जाईल. पंत उठून म्हणाले, "नको. अर्धवट शांत झाली तर जास्त चिडेल." लोकांनी मान डोलाविली. पंतांनी घरी येऊन चहा केला, तो चुकून दोघांचा केला.

पुढे चैत्रमासी, बहावा फुलला असता, मालतीबाई बागेच्या फाटकापाशी आल्या. हाती पिशवी होती, पिशवीत मेथी. फाटकास हात लाविला, परंतु लोटिले नाही.

"भाऊ, एक खरं सांगाल?"

"विचारा, वहिनी."

"तो आहे का हो खरंच? नाही, नसेल तर मी आत येते. घरी एकटीनं निवडायला बसलं की जुडी संपता संपत नाही."

पंतांच्या ओठांशी 'नाही' आले. परंतु मालतीबाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. आज त्यांस सांगावे, तर उद्या वसाहतीस कळेल आणि परवा कारखानिसांस. पंतांनी वर पाहिले, आणि मग पायांकडे पाहिले.

"आहे," ते म्हणाले. "ऊन चढलंय, वहिनी. तुम्ही जा."

"काय करतो दिवसभर?"

"काही नाही. बसून असतो. वाट बघतो."

"कुणाची?"

पंतांनी वळून नळी पिंपळाच्या बुंध्यास लाविली. मालतीबाई म्हणाल्या, "लेकरूच ते. तुम्ही असता ना त्याच्याजवळ, बरं आहे. असं एकटं राहू नये कुणी." मग पिशवी दुसऱ्या हाती घेऊन त्या आल्या वाटेने गेल्या.

येणेप्रमाणे बाग वांचली. ज्यांनी लाविली ते बाहेर राहिले, ज्याने वांचविली तो आत राहिला. झाडे क्षेम आहेत. पंतांचे क्षेम कोणी विचारिले नाही, सबब लिहिले नाही.