ठणठणीत तुळई

"एक वर्ष! ते एकदा उलटलं, की मेलेला माणूससुद्धा माझ्यावर दावा लावू शकत नाही!"

चौकातल्या डायनरमध्ये डेल्बर्ट स्टाउफर हे रोज ऐकवायचा. घरं तपासून देणं हा त्याचा धंदा. कुणी घर विकत घ्यायला निघालं, की याने ते छपरापासून तळापर्यंत बघून अहवाल द्यायचा. त्यात चूक निघालीच, तर पेनसिल्व्हेनियाचा कायदा म्हणतो, अहवाल दिल्यापासून वर्षाच्या आत कोर्टात या. नंतर रामराम!

आयडा यॉस्टबाईंच्या घराचं वर्ष आज सकाळी सरलं. गड्याने खुशीत ॲपल पायचा दुसरा तुकडा मागवला आणि तेवढ्यात बाईंचाच फोन!

"डेल्बर्ट, बाळा, जमिनीखालून कुणीतरी ठोठावतंय रे. रविवारी नातवंडं येतायत, उड्या मारणार मेली. एकदा बघून जातोस?"

डेल्बर्टने काटा खाली ठेवला. गेल्या वर्षी तो त्या घराखाली उतरलाच नव्हता! जमीन आणि फळ्या यांच्यामधली ती जागा सरपटत जाण्याइतकीच. भोकात तोंड घातलं तर आतून गार उसासा आला. तो तसाच मागे फिरला आणि अहवालात लिहिलं, 'तुळई ठणठणीत.'

पण आता भ्यायचं कशाला? मुदत संपली होती ना!

भर दुपारी तो आत सरपटला. बाहेरचं ऊन भोकापाशीच थबकलं. त्याने मुख्य तुळईत स्क्रू ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत! भिजलेल्या पावात जावा तसा! आणि कानाशी आवाज झाला, ठक ठक.

"को... कोण आहे?"

"आधी कोपर काढ. माझ्या छातीवर आहे."

बॅटरीच्या उजेडात एक माणूस उताणा पडलेला दिसला. अंगावर जुनाट कोट, पापण्यांवर धूळ.

"मी हॉरेस. या घराचा आधीचा तपासनीस. मीही न उतरताच सही केली होती."

"पण... पण तुमची मुदत तर कधीच संपली असेल!"

"कोर्टातली संपली, बाबा. इथली कोण मोजतंय? वर जा आणि म्हातारीला खरं सांग. सांगितलंस तर दोघंही सुटू. पुन्हा खोटं बोललास तर..." हॉरेसने शेजारच्या मातीवर प्रेमाने हात फिरवला.

डेल्बर्ट कसा बाहेर आला ते त्यालाच ठाऊक! पँट फाटली, बूट आतच राहिला. बैठकीत बाई कॉफी घेऊन उभ्याच.

"काय रे, पांढराफटक पडलास! आहे का काही खाली?"

खरं अगदी ओठांवर आलं होतं हो! पण डायनरमधली सगळी टाळकी डोळ्यांपुढे आली. उद्या सगळे हसतील, पुढे कोण बोलावणार? शिवाय जन्माची सवय, ती का एका भुताने सुटते?

"छे हो, बाई! उंदीर असेल. तुळई एकदम ठणठणीत!" म्हणून त्याने उरलेला बूट जमिनीवर दणकन आपटून दाखवला.

कर्रर्र! फळ्या फुटल्या आणि डेल्बर्ट कमरेपर्यंत आत! बाई कॉफीसकट किंचाळल्या.

आणि खाली, त्याच्या मातीला टेकलेल्या पायांशी, कुणीतरी हळूच सरकून जागा करून दिली.