जीवखडा क्रमांक सतरा

बाबाराव गोतमारे दाढी करता करता गेले. एका गालावर साबण तसाच राहिला होता. तिरडी बांधून झाली तरी तो पुसायचं धाकट्या भावाला, वामनरावांना, सुचत नव्हतं. शेवटी बाबारावांच्या बायकोनं, जिजाबाईंनी, पदरानं गाल पुसला.

मूलबाळ नव्हतं. अग्नी वामनरावांनीच द्यायचा होता. सामानाची धावपळ चुलतभाऊ भैयाजीकडे होती. मडकं आलं, गोवऱ्या आल्या. निघता निघता गुरुजींनी विचारलं, "जीवखडा घेतला का?" चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला भोक पाडायचा, तो हा दगड. दहाव्यापर्यंत गेलेल्याचा जीव त्यातच असतो, असं मानतात; मग तो नदीत सोडतात.

"या घरात दगडाले काय तोटा हाय गा!" म्हणत भैयाजीनं ओसरीवरच्या टेबलावरून हाताला लागला तो दगड पिशवीत टाकला.

तोटा नव्हताच. वामनराव कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. खाटेखाली, फळ्यांवर, धान्याच्या कोठीमागे त्यांचे दगडच दगड होते.

घाटावर त्यांचे डोळे इतके भरले होते की खांद्यावरचं मडकं कशानं फोडलं जातंय हे त्यांनी पाहिलंच नाही. घरी येऊन दगड दिव्याजवळ ठेवताना तो उलटा झाला. खालच्या अंगाला लाल रंगात वामनरावांनीच घातलेला नमुन्याचा क्रमांक होता : पी १७.

वामनरावांनी हंबरडा फोडला.

"रडू द्या त्याले," अंजनाआत्या म्हणाल्या. "आत्ता खरं समजून राहिलं."

दुसऱ्या दिवशी वामनरावांनी बायकोला, शामलाला, कोपऱ्यात गाठलं. "तो दगड अहमदाबादच्या प्रयोगशाळेत वय काढाले धाडाचा होता वं!"

"हळू बोला. वहिनी ऐकतीन. दुसरा धाडा."

"दुसरा नाही! आपल्या इथं दोन भूखंड होते, मधात समुद्र. समुद्राचा तळ एका भूखंडाखाली घुसत गेला. तिथं खोल खडक वितळला, त्याचा रस वर येऊन थिजला. तो हा दगड. मंग समुद्र मिटला अन् भूखंड एकमेकांवर आदळले. टकरीनंतरचे ग्रॅनाइट माह्यापाशी ढीगभर हायेत. समुद्र होता तेव्हाचा हा एकच."

"मंग जिथून आणला तिथूनच आणा ना."

"तिथं पेंचच्या धरणाचं पाणी आलं."

शामलानं जरा विचार केला. "म्हणजे समुद्र परत आला म्हणा."

दगड बदलायची सोय नव्हती. दिव्याजवळ अंजनाआत्या ठाण मांडून बसल्या होत्या, आणि जेवायलाही तिथेच ताट मागवत होत्या. शेवटी वामनरावांनी गुरुजींना बाजूला घेतलं.

"गुरुजी, याचा एक टवका काढला तर चालन का?"

"कशाचा टवका?"

"या जीवखड्याचा."

"भावाचा कोणता भाग पाहिजे तुम्हाले?"

वामनरावांनी पुन्हा विषय काढला नाही.

दहाव्याला सगळे कन्हान नदीवर गेले. पिंड मांडले. समोरच्या बाभळीवर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. भैयाजीनं हात जोडून सांगितलं, "बाबाराव, वहिनीची काळजी करू नका, आमी हाओत." कावळे हलले नाहीत. अंजनाआत्यांनी घरच्या तुळशीपासून गावच्या देवापर्यंत सगळ्यांचं करायचं कबूल केलं. ऊन चढलं. पिंड वाळू लागले. लोक वामनरावांकडे पाहू लागले.

त्यांना राहवलं नाही. "दादा, तो दगड माहा हाय," ते भडभडून बोलले. "मले तो पाहिजे होता. दहा दिवस मी तुह्यासाठी कमी अन् त्याच्यासाठी जास्त रडलो."

मग जिजाबाई म्हणाल्या, "एवढंच ना भाऊजी? ठेवा तुम्ही तो. यायनं तुम्हाले कधी कशाले नाही म्हटलं काय?"

कावळा उतरला आणि पिंडाला चोच मारून गेला.

गुरुजींची पंचाईत झाली. त्यांनी दर्भाची गाठ मारली, मंत्र म्हणून जीव तिच्यात आणला आणि ती पाण्यात सोडली. त्यांच्या हिशेबी दगड मोकळा झाला. जिजाबाईंच्या हिशेबी नाही. त्यांनी तो घरी आणून देव्हाऱ्यात ठेवला आणि त्याला रोज गंध लावू लागल्या.

वामनरावांना मागायचा धीर होत नव्हता. महिन्याभरानं जिजाबाईच म्हणाल्या, "धाडा ना आता. तिथं काय करतीन याचं?"

दगडाचं वय काढायला तो लोखंडी खलात कुटून त्याचं पीठ करतात आणि ते पीठ तेजाबात विरघळवतात. वामनराव मात्र म्हणाले, "भिंगातून पाहतेत."

"परत देतेत ना?"

"देतेत."

जिजाबाईंनी बाबारावांचा मफलर काढला, दगड त्यात गुंडाळला, आणि गार लागू नये म्हणून वरून फडकं बांधलं.

त्यानंतर पोस्टमन दिसला की त्या दारात यायच्या. "आले का हो?" वामनराव मान हलवायचे. एक दिवस अहमदाबादहून दगडाचं वय आलं. दीडशे कोटी वर्षांहून जास्त, त्यांनी मांडलं होतं तसंच. ज्या उत्तरासाठी इतकी वर्षं डोंगर तुडवले, ते हातात घेऊन वामनराव जेवायला बसले आणि घास न घेता उठले. सोबत मफलर तेवढा परत आला होता, धुऊन, घडी घालून.

रविवारी ते रामटेकच्या वाटेवर गेले. तसाच काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा दगड शोधला, त्यावर लाल रंगात पी १७ लिहिलं आणि तो मफलरात गुंडाळून जिजाबाईंच्या ओंजळीत ठेवला.

जिजाबाईंनी तो तळहातावर तोलला. "हलके झाले हो."

"प्रवासानं..." वामनराव पुटपुटले.

जिजाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. दगडाला गंध लावलं, देव्हाऱ्यात ठेवलं आणि पाटावर बसल्या. "मंग? काय सांगितलं तिथं यायनं?"

वामनरावांनी सगळं सांगितलं. दोन भूखंड, मधला समुद्र, तळाशी वितळलेला खडक, किती कोटी वर्षांपूर्वी तो समुद्र आटत मिटला आणि त्याच्या दोन्ही काठांची कशी टक्कर झाली. जिजाबाई शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"इतकं बोलले?" त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "घरात तर चहा पाहिजे एवढंही तोंडानं सांगत नव्हते."