पाचशेच्या वर दोघांचा होकार

माधवरावांनी स्वस्तात मिळाल्या म्हणून पोतंभर बरण्या आणल्या आणि एकीलाही झाकण बसेना, त्याच दिवशी नारायण पेठेतल्या त्यांच्या भाजणी-मेतकुटाच्या दुकानात लोकशाही आली. दहावीतल्या स्पृहाने आईबाबांच्या फोनवर ॲप टाकलं. पाचशेच्या वर खर्च? एकाने कारण लिहायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं. तोवर खात्यातून पैसा हलणार नाही!

"उत्तम," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आता बरण्या स्वप्नात आणा."

पंचाईत अशी, की माधवरावांना बायकोसाठी गुपचूप एक उंच, पाठ टेकता येईल अशी खुर्ची घ्यायची होती. दिवसभर काउंटरवर उभं राहून तिचे गुडघे सुजत. विचारावं, तर उत्तर ठरलेलं : "गिऱ्हाईक उभं असताना मी बसू?" गल्ल्याची किल्लीही तिच्याच कमरेला.

म्हणून त्यांनी कारण लिहिलं, 'गिरणीचा सुटा भाग.'

नामंजूर. 'कुठला?'

'पाय.'

नामंजूर. 'गिरणी चालायला लागली का?'

"स्पृहा, बाळा, नियमात एक छोटीशी फट ठेव ना गं!"

"सॉरी बाबा! फटीतून बरण्याच येतील."

तेवढ्यात टेम्पोवाला खुर्ची घेऊन दारात हजर. पैसे लगेच टाकतो, असं माधवराव खुर्चीच्या दुकानदाराला छातीठोकपणे सांगून बसले होते.

"ही कुणाची?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"पत्ता चुकला असेल," माधवराव भिंतीकडे बघत म्हणाले.

"मग परत नेतो," म्हणत त्याने खुर्ची उचललीसुद्धा.

माधवरावांनी झटकन फोन काढला. त्यांनी कारण लिहिलं, 'तुझे गुडघे. मला बघवत नाही.'

काउंटरवरचा फोन वाजला. सरोजिनीबाईंनी चष्मा लावला. वाचलं. पुसून पुन्हा लावला.

"अहो, मेतकूट देताय ना?" गिऱ्हाईक कुरकुरलं.

"थांबा जरा. धंद्याचं काम चाललंय."

टिंग. नामंजूर.

माधवरावांचा चेहरा एवढासा झाला. टेम्पोवाल्याला 'ने परत' म्हणून हात करणार, इतक्यात खाली कारण उमटलं :

'एकच कशाला? दोन मागवा. झोपेत पाठ धरून कण्हता, मला ऐकू येतं.'