पहिलं उत्तर खोडायचं का?

बारा वाजेपर्यंत टिपण गेलं नाही, तर वाद हरलाच म्हणून समजायचं होतं. म्हणून प्रोग्रामर महाशय त्या दिवशी घरूनच कामाला बसले. साहेब मध्येच दुसरं काही गळ्यात मारतील या धास्तीने त्यांनी मोबाइल वडिलांच्या हवाली केला. वडील निवृत्त पोस्टमास्तर, दिलेलं काम चोख करणारे.

"साहेबांचा फोन आला तर सांगा, दात दुखतोय, डॉक्टरकडे गेलाय."

"बरं."

वाद तसा साधा होता. प्रोग्रामची चाचणी घेताना खऱ्या यंत्रणेच्या जागी एक तोतया बसवतात आणि त्याला पढवून ठेवतात, की हे विचारलं की हे सांग. आता एकाच प्रश्नाला कुणी दोनदा, दोन वेगळी उत्तरं पढवली तर? महाशयांचं म्हणणं, शेवटचं उत्तर खरं, आधीचं आपोआप रद्द. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं म्हणणं, तोतयाने तिथेच अडून बसावं आणि विचारावं. या एवढ्याशा गोष्टीवरून दोघांनी दोन महिने एकमेकांचं डोकं खाल्लं होतं, आणि साहेबांचं उरलंसुरलं. शेवटी साहेबांनी दोघांनाही आपापलं म्हणणं बारापर्यंत लिहून पाठवायला सांगितलं होतं.

अर्ध्या तासाने महाशयांना आठवलं, साहेबांचे मेहुणे दातांचे डॉक्टर आहेत. ते लगबगीने बाहेर आले. "बाबा, साहेबांना सांगा, बँकेत गेलाय."

"बरं," वडील म्हणाले, आणि महाशय निर्धास्त झाले.

बाराला दहा कमी असताना टिपणाचं शेवटचं वाक्य तेवढं उरलं होतं. तेवढ्यात दार उघडून वडील आत आले. फोनचा स्पीकर चालू होता.

"घे, साहेब आहेत. तिसऱ्यांदा केलाय फोन. तू दोनच उत्तरं दिली होतीस, ती संपली."

"संपली म्हणजे?"

"तू बँक सांगून आत गेलास, मग फोन सुरू झाले. पहिल्याला दात सांगितला, दुसऱ्याला बँक."

"अहो बाबा, बँक सांगितल्यावर दात रद्द झाला ना."

"तसं कुठे म्हणालास? चाळीस वर्षं टपाल सांभाळलं मी. दुसरं पत्र आलं म्हणून पहिलं कधी फाडलं नाही."

फोनमधून साहेबांचा आवाज आला. "काय रे, दात बँकेत ठेवायला गेला होतास का?"

फोनमध्येच साहेबांच्या मागे शेजारच्या टेबलावरच्या बाई हसत होत्या. त्यांनी विचारलं, "काका, दुसरं उत्तर मिळालं तेव्हाच का नाही विचारलंत?"

वडिलांनी क्षणभर विचार केला. "विचारायला हवं होतं खरं. चुकलंच माझं."

महाशयांनी पडद्यावरच्या तीन पानांकडे पाहिलं आणि ती सगळी पुसून टाकली. बाराच्या ठोक्याला एकच ओळ रवाना झाली: 'त्याच प्रश्नाला दुसरं उत्तर आल्यास थांबून विचारावं, पहिलं खोडायचं का?' हरल्यावर इतकं हलकं वाटतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

ते हसतच स्वयंपाकघरात गेले. "बाबा, चहा टाकतो." पातेलं काढता काढता त्यांचा विचार बदलला. "नाहीतर कॉफीच करतो."

बाहेरून पेपर खाली केल्याचा आवाज आला.

"मग चहा खोडायचा का?"