दगड लावलेली होडी

आमच्या किसनतात्यांच्या होडीला नांगर नाही, दगड आहे. आणि तो दगडही साधासुधा नाही. तीस वर्षं एसटीच्या लाल गाडीच्या मागच्या चाकाला लावलेला, काळा, तिकोनी दगड. ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले त्या दिवशी तात्या शाल-नारळ डेपोत विसरले आणि दगड तेवढा आठवणीनं घरी घेऊन आले. आता त्याला नायलॉनची दोरी आहे. होडी थांबली की तात्या तो पाण्यात सोडतात आणि सवयीनं हँडब्रेक ओढायला हात बाजूला नेतात. तिथं हँडब्रेक नसतो. बहुतेक वेळा माझा गुडघा असतो.

आम्ही शेजारी. भिगवणच्या अलीकडं, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून आमचं गाव. थंडी सरली, पाणी उतरू लागलं, की मधे लहान लहान बेटं वर येतात. लांबून वाटतं, म्हशीच डुंबायला बसल्यात. तात्यांनी होडी घेतली ती मासे धरायला नाही. या बेटांच्या आडोशाला रात्रभर सुखानं मुक्काम करता येईल अशी एक जागा त्यांना हवी होती. म्हाताऱ्याला मुक्कामी गाडीची जुनी चटक लागलीय, असं मी समजत होतो. दोन वर्षं शोध चालला होता.

"चला कंडक्टर!" तात्या कुंपणावरून हाक मारायचे. कंडक्टर म्हणजे मी. पोहता येत नाही, तरी निघायचो.

जागेची परीक्षा मोठी कडक. आधी वारा. "वारं मावळतीचं हाय, म्हंजी बेटाच्या उगवतीला उभं ऱ्हायचं. मुक्कामी गाडी कुनी उताराला लावतंय व्हय?" मग बांबू खुपसून तळ बघायचा. गाळ हवा, खडक नको, बुडालेल्या बाभळीचं खोड तर अजिबात नको. शेवटी पितळी पेला काठोकाठ भरून फळीवर ठेवायचा आणि शंभर आकडे मोजायचे. थेंब सांडला की जागा नापास.

गेल्या फाल्गुनातल्या एका संध्याकाळी आम्ही चार जागा नापास केल्या. पहिल्या बेटापाशी वारा फिरला. दुसरीकडं चिलटांचा ढग. "ही चिलटं न्हाईत, तपासनी पथक हाय," म्हणत तात्यांनी दगड वर ओढला. तिसऱ्या जागी काठावरून कुणाच्या तरी हळदीचा डीजे ऐकू येत होता. चौथी जागा उत्तम होती. अठ्ठ्याण्णवपर्यंत पेला गप्प होता, आणि मी शिंकलो.

"तात्या, शिंक होती ती! जागेचा काय दोष?"

"झोपंत शिंकलं तर?" तात्या म्हणाले आणि वल्हं उचललं.

पाचवी जागा दोन बेटांच्या कुशीत होती. आत शिरलो आणि वाराच संपला. दिवस मावळला होता, पण पाणी अजून त्याचा रंग धरून होतं. पलीकडं उथळ पाण्यात फ्लेमिंगो उभे होते, प्रत्येकजण आपापल्या गुलाबी सावलीवर. दगड सोडला तोही आवाज न करता गेला. तात्यांनी पेला ठेवला. शंभर झाले, दोनशे झाले. आभाळात पहिली चांदणी आली, ती पेल्यातही आली आणि तिथंच राहिली.

"पास?" मी कुजबुजलो.

काठच्या बाभळीला तात्यांनी लाल फडकं बांधलं. मी खुशीत गोधडी अंथरली.

"आवरा, कंडक्टर. घरी जायचं."

"अहो, दोन वर्षं मुक्कामासाठीच शोधत होतात ना?"

"माज्यासाटी न्हाय. हिला आनायची हाय. हिला गाडी लागती."

हिला म्हणजे हौसाकाकूंना, त्यांच्या बायकोला. लग्नाच्या वऱ्हाडातच काकूंना गाडी लागली, त्यानंतर नवऱ्याच्या गाडीत त्या एकदाही बसल्या नाहीत. तात्या संध्याकाळी गाडी घेऊन कुठल्या तरी लांबच्या गावी मुक्कामाला जायचे आणि काकू कडी लावून घरी.

"तीस वर्सांत निम्म्या राती एकटीच निजली," तात्या वल्हं मारता मारता पाण्याला सांगावं तसं म्हणाले. "एक मुक्काम दोगांनी करावा म्हंतो. पर होडीबी लागली तिला, तर ती पुन्हा येनार न्हाय."

दुसऱ्या दिवशी काकू काठावर आल्या. एका काखेत गोधडी, दुसऱ्या मुठीत हुंगायला लिंबू. एक पाय होडीत टाकला आणि ओरडल्या, "अवो, हालतीया!"

"थांबल्यावं न्हाय हालत," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज मात्र हलत होता. कंडक्टरला आज सुट्टी होती. होडी लाल फडक्याच्या दिशेला बारीक होत गेली, तशी मी काठावर बसून माझा नास्तिकपणा तेवढ्यापुरता बाजूला ठेवला आणि हात जोडले.

सकाळी परतले. "काकू, झोप लागली का?"

"लागली की! पर ह्यांस्नी इचारा. रातभर दोरी हातात धरून बसलं हुतं. म्हनलं, दगड हाय की, निजा आता. तर म्हनं, दगडाचा काय भरवसा? तू नीज."

तात्या होडी ओढण्यात फार गुंतलेले. तळहातावर दोरीचे लाल वळ होते. फळीवर काकूंचं लिंबू राहिलं होतं, कुठंही नख न लागलेलं. ते त्यांनी उचललं, सदऱ्याला पुसलं आणि खिशात जपून ठेवलं.