कोरी साडी आणि सुमनअक्का

देवपुरातल्या आमच्या शेजारीण सुमनअक्कांच्या घरात गॅसच्या सिलिंडरलाही जरीचा काठ आहे. मिक्सरच्या कव्हरवर टिकल्या, पायपुसण्याला लेस. कोरं कापड दिसलं की बाईंचे हात शिवशिवतात. "कसं बोडकं दिसस," म्हणतात आणि सुई ओवतात. मी एकदा साधी पिशवी शिवायला दिली, तर पुढे वर्षभर मोत्यांची झालर हलवत भाजी आणली. कानबाई देवीचं वस्त्रही गल्लीत त्याच सजवतात, पूजेला मात्र मागे उभ्या राहतात.

अशा बाईंकडे आमच्या हिने आमच्या लेकीच्या, ऋतुजाच्या लग्नाची साडी फॉल-पिकोला दिली. दुसरीकडे दिली असती तर त्या आयुष्यभर बोलल्या नसत्या.

साडी मोतिया रंगाची, अगदी कोरी. ना बुट्टा, ना जर. मैत्रिणीला जड लेहंग्यात जेवायलाही वाकता येईना, हे ऋतुजाने पाहिलं होतं. "लोकांनी मला बघावं, साडीला नको," असं तिचं म्हणणं. तिने अक्कांना तीनतीनदा बजावलं होतं. मेहरूणहून वऱ्हाड यायचं होतं आणि इकडे अक्कांच्या खिडकीतून येणारा शिलाई मशीनचा आवाज थांबायचं नाव घेत नव्हता. फॉलला एवढा वेळ लागतो का?

हळदीच्या दिवशी साडी आली. चार बोटं रुंद, झगझगीत काठ.

ऋतुजा रडायलाच लागली. मी तावातावाने अक्कांना बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"माना शालूना काठ सासूनी उसवा, भाऊ. यास्नं तेरावं व्हतं," त्या म्हणाल्या. "तवपाइन कोरंच नेसस. पोरले तसं पाहीसन माले भ्याव वाटस."

नवऱ्याच्या तेराव्याला सासूने काठ उसवला, त्यानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावरच्या बिनकाठाच्या साडीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

ऋतुजाने डोळे पुसले, कात्री घेतली आणि काठ उसवायला बसली. टाके तुटण्याचा आवाज होत होता. अक्का भिंतीकडे बघत होत्या. मला तिला थांबवावंसं वाटलं.

सगळा काठ निघाल्यावर तिने तो अक्कांच्या पदरावर लावून पाहिला.

"हा तुमचा. उद्या हा काठ लावून माझ्या शेजारी उभ्या राहा. मग मला कोरी नेसायला भीती नाही."

अक्का आत येऊन बसल्या. डबीतून सुई काढली, दोरा ओला केला, पण तो काही केल्या नेढ्यात जाईना. शेवटी सुई मी ओवून दिली.